दहा वर्षं मधुमेहाकडे पाठ फिरवली, त्यानंतरचं जगणं: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं वय ५७. तासगावजवळच्या एका गावात मी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींचा शिवणक्लास. २००९ मध्ये मला टाइप २ मधुमेह निघाला आणि २०१९ पर्यंत मी त्याच्याकडे नीट बघितलंच नाही. आज माझ्या उजव्या पायाला तीनच बोटं आहेत, दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय आणि लघवीतून प्रथिनं जातात. माप द्यायला येणाऱ्या बायका आधी माझ्या पायाकडे बघतात, मग हळूच विचारायला लागतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदा बसून उत्तरं लिहून काढली. गोळ्या कुठल्या आणि किती, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

काकू, दहा वर्षं दुर्लक्ष होतंच कसं?

फार सहज होतं. गर्भाशयाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १९० आली. (१२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली की मधुमेह धरतात.) गोळ्या सुरू झाल्या. आठ महिन्यांनी साखर ११० आली, मला वाटलं बरी झाले, आणि गोळ्या बंद केल्या. ती साखर गोळ्यांमुळेच खाली आली होती, हे डोक्यातच आलं नाही. पुढे मुलाची इंजिनिअरिंगची फी, सासूबाईंचं आजारपण, दिवाळीची शिलाई. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. "मला काही होत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की माझी सून ते आजही माझ्याच आवाजात म्हणून दाखवते.

पण काहीतरी त्रास होत असेलच की?

होत होता, पण मी त्याला दुसरी नावं दिली होती. रात्री तीनदा लघवीला उठणं म्हणजे वय झालं. थकवा म्हणजे काम जास्त. खांदा आखडला तो मशीनवर वाकून. अंगावरची खाज म्हणजे उन्हाळा. तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची, तेव्हा मी काशाच्या वाटीने तूप चोळायचे.

आणि एक दिवस ती आग थांबली. मला बरं वाटलं. आज मागे वळून बघते तेव्हा त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. आग थांबली होती कारण पायाच्या नसा मेल्या होत्या. तुमच्या घरात कुणी म्हणत असेल की पायाची जळजळ आपोआप गेली, तर त्यांना आधी पायाच्या तपासणीला न्या. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून विचारतात, कळतंय का. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुखत नाही.

पायाला नक्की काय झालं?

२०१९ चा गौरी-गणपतीचा हंगाम. ऑगस्टच्या महापुराने कामं मागे पडली होती, सगळ्यांना ब्लाऊज एकदमच हवे होते. मी अनवाणी बसून मशीन चालवायचे, पायडल पायाखाली नीट कळावं म्हणून. तसं ते कधीपासून कळत नव्हतं, मी नजरेनेच अंदाज घेत होते.

दुपारी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन आले. चार वर्षांची नात दारात उभी होती. म्हणाली, "आजी, गौरीची पावलं तू काढलीस?" खाली बघितलं तर पांढऱ्या लादीवर मशीनपासून माठापर्यंत आणि माठापासून परत मशीनपर्यंत एकाच पायाचे लाल ठसे. करंगळीखाली मशीनची मोडकी सुई घुसली होती. किती वेळ घुसलेली होती ते मला आजही माहीत नाही.

वर दिसत होतं तेवढं टोक चिमट्याने ओढून काढलं, हळद दाबली, चिंधी बांधली आणि परत कामाला बसले. दुखतच नव्हतं, मग थांबू कशाला? पाचव्या दिवशी वास यायला लागला, ताप भरला, करंगळी काळी-निळी पडली. मिरजेला नेलं. एक्स-रेत सुईचा अर्धा तुकडा आतच दिसला. साखर ४१२, साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट (एचबीए१सी) ११.८. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. दवाखान्यात १९ दिवस, आणि जखम पूर्ण भरायला चार महिने.

एवढ्याशा सुईने बोट कसं जातं? साखरेने मांस सडतं का?

साखरेने मांस सडत नाही. तीन गोष्टी एकत्र येतात. वाढलेल्या साखरेने नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात आणि पाय बधिर होतो. पायाकडे येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात, म्हणून जखमेला रक्त पुरत नाही. आणि साखर चढलेली असताना शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी पडते.

पण मला सगळ्यात पटलं ते दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या सिस्टरांनी सांगितलेलं. ज्याला दुखतं तो लंगडतो, आणि लंगडल्यामुळे जखमेला विश्रांती मिळते. मी लंगडलेच नाही. पाच दिवस त्याच जखमेवर सगळा भार देऊन चालत राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांवर उपचार करताना नेमकी हीच गोष्ट जगापुढे मांडली होती. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे रोज होणाऱ्या इजांनी जातात. आज मधुमेहींना सांगतात ती मऊ रबराची एमसीआर चप्पल त्याच कामातून पुढे आली. आपल्याकडे या चपलेची लाज वाटते लोकांना. "महारोग्याची चप्पल" म्हणून माझ्या तोंडावर बोलून गेलेत काही जण. मी ती लग्नालाही घालून जाते.

मग आता पाय कसे जपता?

जे काम आधी वेदना करत होती ते आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचं, इतकं साधं आहे.

रोज रात्री जेवण झाल्यावर पाय बघते. तळवा दिसावा म्हणून जमिनीवर आरसा ठेवते, आणि माझ्या नजरेचा भरवसा नाही म्हणून सूनही एकदा बघते. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, कुठे लाली आहे का, कुठे एका जागी जास्त गरम लागतंय का. बेचक्या पंच्याने कोरड्या करते. टाचांना खोबरेल लावते, बेचक्यांत लावत नाही, तिथे ओल राहून बुरशी धरते. आंघोळीचं पाणी पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं. शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, चुलीपुढे पाय पसरून बसणं नाही. कुरूप झालं तर ब्लेड लावायचं नाही आणि दुकानातली कॉर्नची पट्टीही चिकटवायची नाही, तिच्यातल्या ॲसिडने चांगली कातडीही जळते. मोजे फिक्या रंगाचे, म्हणजे रक्त आलं तर दिसतं. चप्पल घालण्याआधी झटकायची, आत हात फिरवायचा. घरातसुद्धा अनवाणी नाही.

आणि जोडवी काढली. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पाय सुजला की जोडवं बोटात रुततं आणि बधिर बोटाला ते कळत नाही. सासूबाईंना फार वाईट वाटलं. मी त्यांना माझा उजवा पाय दाखवला आणि म्हटलं, आई, राहिलेली बोटं राखायचीत. त्यांनीच मग जोडवी देवघरातल्या डबीत ठेवली.

गावाकडच्यांसाठी एक सांगते. बधिर पाय रात्री उंदीर कुरतडतो आणि माणसाला जाग येत नाही. हे खरं घडतं. जमिनीवर झोपत असाल तर मोजे घाला आणि घरातल्या उंदरांचा बंदोबस्त करा.

देवळात तर चप्पल काढावीच लागते. आणि वारी?

देवळात मी जाड मोजे घालून जाते आणि उन्हं चढायच्या आत जाते. दुपारच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून दोन्ही तळवे फोडांनी भरलेली बाई मी ड्रेसिंगच्या रांगेत बघितली आहे. प्रदक्षिणा होईपर्यंत तिला काही कळलं नव्हतं.

वारीचं विचाराल तर पाय बधिर असेल तेव्हा आळंदी किंवा देहूपासून तीन आठवडे चालणं मी कुणालाही सांगणार नाही. माहेरचे सगळे चालतात. मी एसटीने वाखरीला जाते, दिंडी येईपर्यंत थांबते, तिथे पाया पडते. पाय धड असतील, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं असेल, तर खुशाल चाला, पण नवी कोरी चप्पल त्या दिवशी पहिल्यांदा पायात घालू नका आणि प्रत्येक मुक्कामाला पाय बघा.

लेझर केल्यावर गेलेली नजर परत येते का?

सहसा नाही. लेझर हे, आहे ती नजर राखण्यासाठी असतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नव्या कमजोर रक्तवाहिन्या उगवतात, त्या फुटून रक्त सांडतं, ते थांबवायला. माझ्या डाव्या डोळ्यात तसं रक्त सांडलं होतं. पाण्याच्या ग्लासात शाईचा थेंब पडून पसरावा तसं दिसत होतं. असं झालं किंवा अचानक काळे ठिपके, जाळी दिसायला लागली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पडद्याला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्यांनी काही जणांची नजर थोडी सुधारते. लेझरनंतर मला अंधारात कमी दिसतं, कडेचंही कमी दिसतं. काळ्या कापडावर काळा दोरा मी आता घेत नाही, ते काम शेजारच्या मुलीला देते.

दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. पडदा खराब होत असताना कितीतरी वर्षं नजर चांगली असते, म्हणून दिसतंय म्हणजे डोळे ठीक असं नसतं. वर्षातून एकदा थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. चष्म्याच्या दुकानातल्या नंबरात हे कळत नाही. दुसरं, खूप चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर सुरुवातीला डोळ्याचा पडदा काही काळ बिघडू शकतो. म्हणून उपचार वाढवायच्या आधीच डोळे दाखवा. आणि साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलत राहतो, त्यामुळे ती स्थिरावेपर्यंत नवा चष्मा करू नका.

गोळ्यांनी किडनी खराब होते ना? म्हणून आम्ही बंद केल्या.

मीही हेच ऐकून बंद ठेवल्या होत्या. किडनी खराब करते ती वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. किडनी कमजोर झाल्यावर काही गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते, काही थांबवाव्या लागतात, त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला. किडनीला खरा धोका आपण मेडिकलमधून मनानेच घेतो त्या अंगदुखीच्या गोळ्यांचा. मी पाठीसाठी त्या आठवड्यातून चार वेळा घ्यायचे आणि मधुमेहाच्या गोळीला घाबरायचे.

लघवीतून गळणाऱ्या अल्ब्युमिनची, म्हणजे एका प्रथिनाची, तपासणी आहे, स्वस्त आहे. त्याचं क्रिएटिनिनशी (किडनी बाहेर टाकते त्या कचऱ्याशी) प्रमाण ३० च्या खाली हवं. माझं २०१९ मध्ये ३४० होतं, आता १६० च्या आसपास आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांतला एक गट हे गळणं कमी करतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधंही किडनीचं नुकसान मंदावतात, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ते औषध आपल्यालाही परवडतं. फक्त रक्तातलं क्रिएटिनिन बघून निश्चिंत राहू नका, ते वाढेपर्यंत किडनीचं बरंच काम गेलेलं असतं.

माझ्या वडिलांची साखर आता आपोआप कमी यायला लागली. इन्सुलिनही कमी लागतं. मधुमेह गेला का?

लगेच किडनीची तपासणी करा. थकलेली किडनी इन्सुलिन वेळेत बाहेर टाकत नाही, ते अंगात जास्त वेळ राहतं आणि साखर खाली येते. अशाच एका घरी पेढे वाटलेले मी बघितलेत. वजन बरंच उतरवलेल्या काहींचा मधुमेह सुरुवातीच्या वर्षांत खरोखर मागे हटतो, पण जुन्या रुग्णाची साखर काही न करता खाली आली तर आनंद नंतर, तपासणी आधी.

हृदयाचं काय?

छातीत कळ येईलच असं धरून बसू नका. जुन्या मधुमेहात हृदयाचा झटकाही न दुखता येऊ शकतो. अचानक दम लागणं, घाम फुटणं, मळमळ, जीव घाबरा होणं, एवढंच असतं, आणि आपण म्हणतो पित्त झालं. सोडा पिऊन झोपू नका, ईसीजी काढा.

इन्सुलिन लागलं म्हणजे शेवटच ना?

नाही. माझ्या जखमेच्या वेळी इन्सुलिननेच साखर आटोक्यात आली. आज मी रात्री एकदाच घेते, पोटावर, रोज जागा थोडी सरकवून. सुई इतकी बारीक असते की मशीनची सुई बोटात गेलेल्या कुठल्याही शिंपिणीला ती काहीच वाटणार नाही. फ्रीज नसेल तर वापरातली बाटली मातीच्या माठाजवळ, गार जागी ठेवतात. फ्रीजरमध्ये ठेवायची नाही.

साखर एकदम उतरली तर?

हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड, बोलणं अडखळणं. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला वेळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, मग पोळी-भाजी काहीतरी खायला द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्याने साखर रक्तात जायला उशीर होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना. माझ्या मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीशेजारी साखरेची पुडी असते, आणि ती कशासाठी आहे हे क्लासच्या प्रत्येक मुलीला माहीत आहे.

उपवास चालतात का? खायचं काय?

मी गोड खात नव्हते, हे खरं आहे. पण सोमवार, गुरुवार आणि एकादशीला पातेलंभर साबुदाण्याची खिचडी खायचे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. नंतर घरी मोजून बघितलं: खिचडीनंतर दोन तासांनी २८७, आणि ज्वारीची दीड भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, काकडी खाऊन १६८. त्या दिवसापासून उपवास सोडले, देवापुढे हात जोडून सोडले. ज्यांना सोडवत नाहीत त्यांनी शेंगदाणे, ताक, राजगिरा असं थोडं थोडं घ्यावं आणि गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं, कारण रिकाम्या पोटी काही गोळ्या साखर धोक्याइतकी उतरवतात. भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या तर तीही वाढवतेच. चहाबरोबरच्या खारी-टोस्टांचा हिशोब कुणी धरत नाही, तो धरा.

जांभळाच्या बिया, कारल्याचा रस?

कारल्याची भाजी करून खा, चांगली असते. पण बियांच्या पावडरीवर विसंबून गोळ्या सोडल्या त्यातली दोन वर्षं माझीही आहेत. लेबल नसलेल्या पुडीने साखर एकदम उतरली तर जास्तच सावध व्हा. अशा पुड्यांत ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत.

एक विचारू का, ह्यांच्याबद्दल आहे…

हा प्रश्न नेहमी दबक्या आवाजात येतो, दार लोटून. हो, पुरुषांमध्ये संबंधाच्या वेळी येणारी अडचण मधुमेहामुळे येते. त्याच नसा, त्याच रक्तवाहिन्या. त्यावर उपचार आहेत. आणि कधी कधी ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांची आगाऊ सूचना असते, म्हणून लाज सोडून डॉक्टरांना सांगायलाच हवी. दोघांनी मिळून जा. एकमेकांवर संशय घेत वर्षं घालवलेली जोडपी मला माहीत आहेत.

इतकं सगळं झाल्यावर आता नियम पाळून काय उपयोग?

बोट काढल्यावर मीही भिंतीकडे तोंड करून हेच म्हणत होते. गेलेली बोटं येणार नाहीत, मेलेल्या नसा फारशा परत येत नाहीत. पण मला अजून आठ बोटं, दोन डोळे आणि काम करणाऱ्या किडन्या आहेत. ब्रिटनमध्ये १९७७ पासून पाच हजारांवर नव्या रुग्णांचा वीस वर्षं अभ्यास झाला, त्यात दिसलं की तीन महिन्यांची सरासरी एका अंकाने कमी असेल तर डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे ३७ टक्क्यांनी कमी असतात. ते रुग्ण सुरुवातीचे होते. माझ्यासारख्या उशिरा जागं झालेल्याला तेवढा फायदा होणार नाही, पण होतो. माझी सरासरी आता ७.४ आहे. डॉक्टर म्हणाले याहून खाली ओढायचा हट्ट नको, साखर उतरून पडाल.

घरच्यांनी काय करावं?

"तूच करून घेतलंस" हे म्हणू नका. ते आम्हाला माहीत असतं. मी कितीतरी महिने रिपोर्ट उशीखाली लपवत होते, कारण रिपोर्ट आला की घरात खटला उभा राहायचा. एक दिवस मुलगा काही न बोलता माझ्याबरोबर चालायला लागला, रोज संध्याकाळी, कालव्यापर्यंत. तेवढं पुरलं.

खर्च फार येतो. आम्हाला झेपेल का?

जन औषधी केंद्रात मधुमेहाची आणि रक्तदाबाची बरीच औषधं स्वस्त मिळतात. सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मिळतात. डायलिसिसपर्यंत वेळ आली असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. माझ्या गोळ्या मी दहा वर्षं घेतल्या असत्या तर जेवढे पैसे लागले असते, त्याहून जास्त त्या १९ दिवसांत गेले.

अजून मशीन चालवता?

चालवते. मशीनला मोटर बसवली आणि तिचं पायडल मधोमध ठेवलं आहे, बूट घालून दाबते, दर तासाला उठते. सुई मोडली की दोन्ही तुकडे सापडेपर्यंत काम बंद. मुली लोहचुंबक दोऱ्याला बांधून लादीवर फिरवतात, आणि रात्री झाकण लावण्याआधी डबीतल्या सुया मोजून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. काल चौदा होत्या.